गाळलेले पाणी, सोडलेले पाणी

पाणी गाळून पिणे ही जैन घराची जुनी ओळख आहे. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळून घ्यावे आणि गाळून झाल्यावर ते वस्त्र गाळलेल्याच पाण्याने उलटे धुऊन, त्यात अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद परत सोडावेत, ही रीत आपल्या आजी-पणजींनी निष्ठेने पाळली. या परत सोडण्यालाच जिवाणी म्हणतात. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. एका पाण्यात वाढलेला जीव वेगळ्या गुणधर्माच्या पाण्यात तग धरीलच असे नाही, ही समज त्यामागे होती. पाणी घेताना जितके सावध राहायचे, तितकेच ते सोडतानाही, असा त्या रीतीचा आशय होता.

आज नळ आले, यंत्रे आली, जिवाणी बहुतेक घरांतून मागे पडली. पिण्याचे पाणी आपण अजूनही निवडून, गाळून, शुद्ध करून घेतो. परंतु आपल्या गिरणीतून, डेअरीतून, तेलाच्या कारखान्यातून, फरसाण-पापडाच्या उद्योगातून जे पाणी बाहेर पडते, ते कोठे जाते आणि जेथे जाते तेथील जीवांचे काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या लेखाचा विषय तोच आहे: अन्नप्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी आणि गोड्या पाण्यातील मासे.

शाकाहारी मालाची न दिसणारी किंमत

आपल्या ताटात मासा नाही. त्यामुळे नदीतील मासे कमी झाले, तर आपल्या घरात किंवा दुकानात त्याची नोंद होत नाही. भाव वाढल्याचे जाणवत नाही, स्वयंपाकघरात काही उणे पडत नाही. साखर, दूध, तेल, डाळ, मसाले हे आपल्या व्यापाराचे जिन्नस सर्वस्वी शाकाहारी आहेत, आणि म्हणून ते हिंसेपासून मुक्त आहेत असे आपण सहजच धरून चालतो. येथेच विचार करण्याची गरज आहे. पूर्णपणे शाकाहारी असलेल्या पदार्थाचे उरलेसुरले अंश नदीत गेले, तर ते हजारो जलचरांच्या मृत्यूचे कारण होऊ शकतात. त्यासाठी त्यात कोणतेही जहाल विष मिसळण्याची आवश्यकता नसते. अन्न स्वतःच पुरेसे असते.

पुसदच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. पूस नदी गावाच्या अंगाने वाहते, पुढे महागाव तालुक्यातून जात पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. पुसदच्या एखाद्या नालीतून सुटलेल्या थेंबाची वाट अशी थेट गोदावरीपर्यंत जाते. या खोऱ्यात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा पिकतो. धरणांच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. हळद शिजविली जाते. जेथे शेतमाल, तेथे त्यावरची प्रक्रिया, आणि जेथे प्रक्रिया, तेथे सांडपाणी, हा क्रम अटळ आहे. पूस धरण आणि इसापूर येथील ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा जलाशय यांतील पाण्यावर शेती, पिण्याचे पाणी आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचा चरितार्थ, असे तिन्ही अवलंबून आहे. विदर्भातील नद्यांचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. पावसाळ्यात त्या दुथडी वाहतात. उन्हाळ्यात मात्र डोह आणि डबकी तेवढी उरतात. थोडे सांडपाणीही तेव्हा नदीला झेपत नाही.

पाण्यातला श्वास

माशांना श्वासासाठी लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो आणि तो फार थोडा असतो. 30 अंश तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळू शकतो. पाणी जितके तापेल तितके हे प्रमाण घटते. रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांना सुखाने जगण्यासाठी लिटरमागे साधारण 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला, की बहुतेक मासे गुदमरू लागतात. म्हणजे माशाच्या जगण्या-मरण्यातले अंतर अवघ्या काही मिलिग्रॅमचे आहे.

आता त्या पाण्यात अन्नाचे अंश येऊन मिसळले, असे समजू. साखर, स्टार्च, प्रथिने, स्निग्ध पदार्थ हे पाण्यातील जिवाणूंचे आवडते खाद्य. ते मिळताच जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, आणि खाल्लेले पचविण्यासाठी ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू वापरला जाईल, याचे माप म्हणजे जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदांत तिला बीओडी म्हणतात आणि उद्योग चालविणाऱ्यांच्या तोंडीही हाच शब्द असतो.

हे माप व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगे आहे. घराघरांतून येणाऱ्या सांडपाण्याची बीओडी लिटरमागे साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते. अन्नप्रक्रिया उद्योगात भांडी, टाक्या आणि फरशी धुतलेल्या पाण्याची ती हजार-दीड हजारांवर सहज जाते. मळीपासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्याच्या कच्च्या सांडपाण्याची 40,000 च्या पुढे असते. आणि दुधाची? ज्या दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो, त्या एका लिटर दुधाची बीओडी सुमारे एक लाख मिलिग्रॅम आहे.

हिशेब मांडू या. साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू असलेल्या पाण्यात एक लिटर दूध सांडले, तर ते पूर्ण कुजेपर्यंत सुमारे 13,000 लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खर्ची पडू शकतो. दीड हजार बीओडीचे 10,000 लिटरचे एक टँकर नदीच्या डोहात रिते झाले, तर 20 लाख लिटर पाणी निष्प्राण करण्याची ताकद त्यात असते. वाहत्या नदीत हवेतून नवा प्राणवायू मिसळत असतो, म्हणून प्रत्यक्षात नेहमीच इतकी हानी होत नाही. पण वैशाखातल्या साचलेल्या डोहात ही भरपाई फार मंद होते. रात्री तर पाणवनस्पतीही प्राणवायू देण्याऐवजी घेतच असतात. म्हणून पहाटेच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर ते खेळत आहेत असे समजू नये. ते गुदमरत असतात.

मरळ आणि मांगूर या माशांना थेट हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे. ते अशा पाण्यातही काही काळ तग धरतात. म्हणून एखाद्या डोहात फक्त हेच मासे उरले आणि रोहू-कटला नाहीसे झाले, तर पाण्याची प्रकृती बिघडल्याचे ते स्पष्ट लक्षण मानावे.

माशाच्या देहात काय घडते

प्राणवायूची उणीव हा पहिला आघात झाला. त्याच्या जोडीला आणखी आघात येतात.

माशाचे कल्ले हे त्याचे फुप्फुस. पातळ पडद्यांच्या असंख्य घड्यांतून पाणी वाहते आणि त्या पडद्यांमधून रक्त प्राणवायू घेते. पीठ, कोंडा, फोलकटे, चोथा यांचे बारीक कण पाण्यात तरंगत असतील, तर ते या घड्यांत अडकतात. त्यांपासून वाचण्यासाठी मासा चिकट स्राव अधिक सोडतो; त्या स्रावाचा थर श्वासाची वाट आणखी अडवतो. दूषित पाण्यात ठेवलेल्या माशांचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पडद्याची त्वचा सुटून वर आलेली, शेजारच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि सुजलेल्या आढळतात. तेल-तुपाचा तवंग पाण्यावर पसरला, की हवा आणि पाणी यांच्यातील देवघेव मंदावते. तेच तेल कल्ल्यांवरही बसते.

प्रथिने कुजली, की अमोनिया तयार होतो. मासा स्वतःच्या शरीरातील अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतो. बाहेरच्या पाण्यातच तो साचला, तर आतला बाहेर पडत नाही आणि मेंदूपर्यंत परिणाम पोहोचतो. यात एक बारकावा उद्योजकांनी अवश्य समजून घ्यावा. पाण्याचा सामू 7 असताना अमोनियाचा विषारी अंश शंभरात जेमतेम एक असतो. सामू 9 झाला, की तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. टाक्या धुण्यासाठी वापरलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी आणि कुजलेले सांडपाणी एकाच नालीत एकत्र आले, तर प्रत्येकाचा स्वतंत्र परिणाम होईल त्यापेक्षा कितीतरी अधिक हानी होते. अमोनियापासून पुढे नायट्राइट बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, माशाचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो शरीराला मिळत नाही. तळाशी साचलेल्या गाळातून सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, तोही घातक. निर्जंतुकीकरणाचे क्लोरीन तर अत्यल्प प्रमाणातही कल्ले जाळते.

मासा लगेच मेला नाही, म्हणजे तो सुखरूप आहे असे नव्हे. तणावाखाली यकृतातला साठा संपतो, रक्तातील पेशी घटतात, वाढ खुंटते, रोगप्रतिकाराची शक्ती क्षीण होते. सर्वांत नाजूक असतात ती अंडी आणि नुकतीच जन्मलेली पिल्ले. रोहू-कटल्यासारख्या माशांचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो. उन्हाळाभर नाल्यात आणि खड्ड्यांत साचलेली घाण नदीत वाहून येते तीही पहिल्या पावसात. ज्या पाण्यात पुढची पिढी जन्माला यायची, त्याच पाण्यात वर्षभराचा कुजवा एकदम उतरतो. नदीच्या पृष्ठभागावर एकही मेलेला मासा न दिसता तिचे मत्स्यजीवन अशा प्रकारे हळूहळू संपू शकते.

जे घडले आहे

हे पुस्तकी भय नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णा नदीच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. त्याआधी जुलै 2022 मध्येही कृष्णेत अशीच घटना घडली होती. साखर आणि मद्यार्क उद्योगाच्या सांडपाण्याकडे बोट दाखविले गेले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली आणि नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. या दोन घटनांचे महिने पाहण्यासारखे आहेत. मार्चमध्ये गाळपाचा हंगाम सरत आलेला असतो आणि नदीचे पाणी उतरलेले असते. जुलैत पावसाचे लोंढे साचलेले सारे वाहून आणतात. वर सांगितलेल्या दोन धोक्याच्या वेळा नेमक्या याच.

मे 2018 मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील कीडी अफगाना येथील एका साखर कारखान्यात मळीची टाकी उतू गेली. ती मळी नाल्यावाटे बियास नदीत उतरली. पाणी तांबूस झाले आणि असंख्य मासे तडफडून मेले. बियास ही सिंधू नदीतील दुर्मीळ डॉल्फिनचे भारतातील अखेरचे आश्रयस्थान असल्याने देशभर चिंता पसरली. पंजाब प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला 5 कोटी रुपयांचा दंड केला. मळी ही काही विषारी वस्तू नव्हे; जनावरांच्या खाद्यात ती घालतात. नदीत मात्र तिने पाण्याचा श्वास कोंडला.

परदेशातील एक घटनाही सांगण्याजोगी आहे. सप्टेंबर 2013 मध्ये हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात जहाजात मळी भरणारी नळी गळली आणि सुमारे 2,33,000 गॅलन, म्हणजे जवळजवळ 9 लाख लिटर मळी समुद्रात गेली. 26,000 हून अधिक मासे आणि इतर जलचर त्यात मृत्युमुखी पडले. समुद्रासारख्या अफाट पाण्यात हे घडले. आपल्या पूस किंवा पैनगंगेच्या उन्हाळी डोहाचे काय होईल, याची कल्पना करावी.

या तिन्ही ठिकाणी कोणाच्याही मनात मासे मारण्याचा हेतू नव्हता. कोठे यंत्रणा अपुरी पडली, कोठे टाकीभोवती बांध नव्हता, कोठे नळीची तपासणी राहिली. हिंसा हेतूतून जशी होते, तशी प्रमादातूनही होते, हे आपल्या आचार्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही.

कायद्याची कसोटी

पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत जलप्रदूषण रोखण्यासाठी राज्याने 1969 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि 7 सप्टेंबर 1970 रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा त्यानंतर, 1974 मध्ये आला. याच परिसरातील सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. पाण्याच्या प्रश्नावर राज्याला दिशा देणारी दोन माणसे या भूमीने दिली, हा वारसा येथील उद्योजकांनीही आपला मानावा.

नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्याची बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक असू नये; शेतीसाठी जमिनीवर सोडताना ही मर्यादा 100 आहे. तेल व ग्रीसचे प्रमाण 10 मिलिग्रॅमपर्यंत आणि सामू 5.5 ते 9 या दरम्यान असावा लागतो. दीड हजारावरून तीसपर्यंत येणे म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग प्रदूषण काढून टाकणे होय. ते नुसत्या खड्ड्यात पाणी साठवून साधत नाही.

याच नियमांत एक कसोटी अशी आहे, की निव्वळ सांडपाण्यात मासे ठेवले असता 96 तासांनंतर शंभरातील नव्वद जिवंत राहिले पाहिजेत. पाणी नदीत सोडण्यायोग्य आहे की नाही, याचा अंतिम साक्षीदार कायद्यानेही मासाच मानला आहे. कोणत्या प्रमाणात 96 तासांत निम्मे मासे मरतात, ते शोधण्याचे प्रयोगही शास्त्रज्ञ करतात आणि त्यातून विषारीपणाचे माप ठरते. अशा प्रयोगांत जीव जातात, ही खंत आपल्या वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. ती खंत आता शास्त्रज्ञांनाही आहे, हे समाधानाचे. माशाच्या कल्ल्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर पाण्याची परीक्षा घेण्याच्या पद्धतीला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. परंतु मूळ गोष्ट अशी, की कारखान्यातून निर्मळ पाणी बाहेर पडले, तर परीक्षेचा प्रसंगच सोपा होतो. प्रयोगशाळेत मोजके मासे मरतात, नदीत लाखो.

उद्योजकाने काय करावे

सांडपाण्यावर केलेला खर्च वाया जातो, अशी एक समजूत आहे. वस्तुतः नालीतून वाहणारा प्रत्येक अंश हा आपणच विकत घेतलेल्या मालाचा असतो. धान्य, दूध, तेल, साखर यांचे पैसे मोजले, आणि मग ते धुऊन घालविले. म्हणून पहिला उपाय हिशेबाचा आहे. रोज किती पाणी आत आले आणि किती बाहेर गेले, याची वही ठेवावी. पाण्याला मीटर बसविले, की उधळपट्टी आपोआप दिसू लागते.

दुसरा उपाय झाडूचा. फरशीवर आणि यंत्रावर सांडलेला माल पाण्याच्या झोताने नालीत ढकलण्याआधी कोरडाच झाडून, खरवडून गोळा करावा. डाळीची चुनी, फोलकटे, पेंडीचा चुरा, पिठाचा केर हे जनावरांचे खाद्य आहे. ते विकलेही जाते. पनीर किंवा छाना केल्यावर उरणारी निवळ नालीत कदापि सोडू नये. तिची बीओडी 30,000 च्या वर असते आणि तिच्यात पोषकद्रव्येही भरपूर असतात. एवढ्या एका सवयीने सांडपाण्याचा भार लक्षणीय घटतो आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

तिसरा उपाय रचनेचा. नालीच्या तोंडाशी जाळी, त्यापुढे तेल वेगळे करणारी टाकी, त्यापुढे दिवसभराचे पाणी एकत्र करून एकसारखे करणारी टाकी असा क्रम असावा. कॉस्टिक किंवा आम्लाचे पाणी वेगळे साठवून सामू योग्य केल्याखेरीज पुढे जाऊ देऊ नये. त्यानंतर जैविक शुद्धीकरण. जेथे सेंद्रिय भार मोठा आहे, तेथे हवाबंद टाकीत जिवाणूंकडून तो पचवून घेता येतो आणि त्यातून जळणाचा वायू मिळतो. रोज 10,000 लिटर सांडपाणी निघणाऱ्या आणि लिटरमागे 3,000 मिलिग्रॅम रासायनिक ऑक्सिजन मागणी असलेल्या एखाद्या उद्योगाचा हिशेब केला, तर दररोज साधारण 8 घनमीटर मिथेन कागदावर निघतो. घरगुती स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या जवळजवळ निम्मी उष्णता त्यात असते. प्रत्यक्षात थोडी कमी मिळेल. पण जी वस्तू नदीत जाऊन जीव घेत होती, ती भट्टीखाली जळून इंधन वाचवू शकते.

चौथा उपाय दक्षतेचा. मळी, तेल, दूध, आम्ल अशा द्रव पदार्थांच्या प्रत्येक टाकीभोवती, टाकी फुटली तरी सारा द्रव मावेल एवढा बांध असावा. बियास नदीच्या काठी असा बांध पुरेसा असता, तर ती दुर्घटना टळती. मृगापूर्वी आवारातील खड्डे आणि नाल्या रिकाम्या करून घ्याव्यात, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर त्यातील कुजवा नदीत जाणार नाही. शुद्धीकरण यंत्रणा अधिकारी येण्याच्या दिवशी चालते आणि एरवी बंद असते, अशी स्थिती आपल्या आवारात असू नये.

लहान उद्योगांना हे सारे एकट्याने झेपेलच असे नाही. ज्या परिसरात दहा-वीस लहान कारखाने एकत्र आहेत, तेथे सामुदायिक शुद्धीकरण केंद्राचा मार्ग मोकळा आहे. धर्मशाळा, पांजरपोळ, पाणपोई एकत्र येऊन उभारण्याची आपल्या समाजाला शतकांची सवय आहे. त्याच सहकाराने हेही काम उभे राहू शकते. गाईंसाठी पांजरपोळ चालविणारा समाज नदीतील जीवांसाठी एक टाकी बांधू शकणार नाही, असे कोण म्हणेल?

उत्सर्ग समितीचा अर्थ

साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये अखेरची उत्सर्ग समिती आहे; तिला परिष्ठापनिका समितीही म्हणतात. जे टाकायचे ते कोठे आणि कसे टाकावे, याचा विवेक म्हणजे ही समिती. जीवजंतूविरहित जागा पाहून, नीट न्याहाळून, कोणालाही पीडा होणार नाही अशा रीतीने त्याज्य वस्तूचा त्याग करावा, असे तिचे स्वरूप आहे. चालणे, बोलणे, अन्न घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे यांच्या बरोबरीने टाकण्यालाही साधनेत स्थान देणारी ही दृष्टी किती सूक्ष्म आहे, हे आजच्या सांडपाण्याच्या प्रश्नाकडे पाहिले की उमगते. ही समिती साधूंसाठी सांगितली असली, तरी तिच्यातला विवेक गृहस्थाने आपल्या धंद्यात आणण्यास कोणाची हरकत नाही.

श्रावकाच्या व्यवसायासाठीही शास्त्रकारांनी मर्यादा आखल्या. पंधरा कर्मादानांत तळी, सरोवरे, डोह शोषून कोरडे करण्याच्या व्यवसायाचा निषेध आहे, तो त्यातील जीवांच्या नाशामुळे. पाणी न आटवताही त्यातील प्राणवायू शोषून घेतला, तर जलचरांच्या दृष्टीने फरक तो काय उरला? प्रयोजनाविना होणाऱ्या पापाला आपण अनर्थदंड म्हणतो. साखर करणे, तेल गाळणे हा व्यवसाय प्रयोजनाचा. परंतु न झाडलेला केर आणि न बांधलेला बांध यांपायी जे जीव जातात, त्यांना प्रयोजनाचा आधार देता येणार नाही.

अष्टमंगलांमध्ये मीनयुगल आहे. अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछन दिगंबर परंपरेत मासा हेच आहे. सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरींच्या उपदेशाने अकबर बादशहाने फत्तेपूर सिक्रीजवळच्या डाबर तलावात मासे मारण्यास बंदी घातली, हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. एका आचार्यांनी सम्राटाकडून तलावातील माशांना अभय मिळवून दिले. आपल्या आवारातील नालीपुरते अभय देण्यासाठी मात्र कोणा बादशहाची परवानगी लागत नाही.

चातुर्मास आणि माशांचा विणीचा काळ एकच आहे. पावसाळ्यात जीवसृष्टी बहरलेली असते, पावलोपावली हिंसेचा संभव असतो, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. आपण गृहस्थ या काळात हिरव्या भाज्यांचा, रात्रीच्या भोजनाचा, प्रवासाचा नियम घेतो. येत्या चातुर्मासात ज्यांचा कारखाना, गिरणी किंवा डेअरी आहे, त्यांनी आणखी एक नियम घ्यावा. नियम घेण्यापूर्वी एकदा आपल्या आवारातील नालीच्या कडेने, ती जेथे नाल्याला आणि नाला जेथे नदीला मिळतो, तेथपर्यंत स्वतः चालत जावे. घरातील मुलांनाही सोबत न्यावे. पाण्याचा रंग पाहावा, वास घ्यावा, काठावर मासेमारी करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावेत. पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. मग परत येऊन, जाळी कोठे बसवायची, बांध कोठे घालायचा, प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना कधी पाठवायचा, हे चोपडीत तारखेसह लिहावे.

पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्यात पाण्यातील जीवही आले. ज्या वर्षी आपल्या आवारातील नालीचे पाणी निर्मळ होऊन नदीत जाईल, त्या वर्षी ती क्षमायाचना त्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचेल.